कॅलिब्रेशनच्या गटात नेमणूक झाली तर

उपग्रहाचे कॅमेरे बनवायला आलेल्या पोरांना कॅलिब्रेशनच्या, म्हणजे कॅमेऱ्याचे आकडे खऱ्या उजेडाशी ताडून पाहणाऱ्या, गटात टाकलं की त्यांचं तोंड पडतं. माझंही पडलं होतं. आता नव्यांना मी उलट सांगते: पेलोड, म्हणजे उपग्रहावरचं उपकरण, आतून-बाहेरून समजून घ्यायचा तर हीच जागा.

सुरुवात क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या खोलीत, होते. इंटिग्रेटिंग स्फिअर म्हणजे आतून पांढरा लेप दिलेला पोकळ गोळा. त्याच्या तोंडाशी सगळीकडे सारखा, मोजून ठेवलेला उजेड मिळतो. तो पायरीपायरीनं वाढवायचा आणि उजेड टिपणाऱ्या प्रत्येक डिटेक्टरचे काउंट, म्हणजे तो देतो ते आकडे, नोंदवायचे. उजेड बंद करून डार्क, म्हणजे अंधारातला आकडा, घ्यायचा. थर्मल बँड, म्हणजे उष्णतेचे किरण टिपणारा पट्टा, असेल तर थर्मोव्हॅकमध्ये (तापमान हवं तसं ठेवता येणाऱ्या निर्वात कक्षात) ब्लॅकबॉडी, म्हणजे ठरावीक तापमानाचा संदर्भ-स्रोत, आणि रात्रपाळ्या. काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू! पण दिवा किती तास जळला, कोणती केबल बदलली, हे तिथल्या तिथे लिहा. वर गेलेला पेलोड पुन्हा टेबलावर येत नाही. पुढे आकडे घसरले की हीच वही शोधतात.

आणि ते घसरतातच. सोबत दिलेला सोलर डिफ्यूजर, म्हणजे संदर्भासाठी सूर्यप्रकाश सारखा पसरवणारी पाटी, तीसुद्धा अतिनील किरणांनी हळूहळू काळवंडते. मग ज्यांची चमक माहीत असते किंवा मोजता येते असे बाहेरचे साक्षीदार लागतात: चंद्र, लिबियाचं वाळवंट, नेवाडातली रेलरोड व्हॅली, आपल्याकडे कच्छचं रण. उपग्रह डोक्यावरून जाताना रणात जमिनीचं परावर्तन आणि हवेतली धूळ एकाच वेळी मोजायची असते. त्या क्षणी ढग आला की दिवस गेला. समुद्राचा रंग मोजणं तर फारच नाजूक, कारण वर पोचणाऱ्या उजेडातला बहुतेक वाटा हवेचाच असतो.

अमेरिकेचा लॅंडसॅट-८ उपग्रह नीट अभ्यासा. २०१३ साली तो वर गेल्यावर त्याचं थर्मल तापमान तळ्यांवर मोजलेल्या तापमानापेक्षा जास्त येऊ लागलं, दोन थर्मल बँडपैकी बँड ११ मध्ये अधिकच. चंद्राकडे वळवून पाहिल्यावर कळलं, की दृष्टिक्षेत्राबाहेरचा उजेड आत शिरतोय. २०१७ मध्ये त्यावर सॉफ्टवेअरची दुरुस्ती लागू झाली. २०२१ च्या लॅंडसॅट-९ ला असा भलता उजेड अडवणारे आडपडदे बसवले.

मुलाखतीला येणाऱ्या सगळ्यांनाच पायथन येतं. मी विचारते, ‘तुमच्या आकड्यातली अनिश्चितता किती, आणि कुठून कुठून आली?’ त्यामुळे आधी रेडिओमेट्री (उजेड मोजण्याचं शास्त्र) आणि त्रुटींचं गणित पक्कं करा. मशीन लर्निंग नंतर शिकता येईल.