ब्रुजच्या कालव्यांकाठी सावकाश : दोन रात्रींचा मुक्काम कसा आखावा

बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्सहून सकाळच्या गाडीने निघावे, त्याच देशातले ब्रुज हे कालव्यांचे गाव पाहावे आणि संध्याकाळी परतावे, असाच बेत बहुतेक सहलींच्या वेळापत्रकात असतो. रेल्वेचा प्रवास जेमतेम तासाभराचा असल्यामुळे तो सोयीचाही वाटतो. परंतु असे येणारे बहुतेक सगळे सकाळी दहाच्या सुमारास गावात शिरतात आणि सायंकाळी सहाच्या आत निघून जातात. म्हणजे जेव्हा गल्ल्या मोकळ्या असतात आणि कालव्याचे पाणी बोटींनी ढवळलेले नसते, नेमके तेव्हा ते तिथे नसतात. म्हणून ब्रुजमध्ये किमान दोन रात्री राहावे. पुढची सारी आखणी या एका निर्णयावर उभी आहे.

निघण्यापूर्वी या गावाची हकीकत थोडी माहीत करून घ्यावी. ११३४ सालच्या वादळात समुद्राचे पाणी आत घुसून झ्विन नावाची खाडी तयार झाली आणि ब्रुजला समुद्राची वाट मिळाली. १२७७ मध्ये इटलीतील जिनोआची जहाजे या किनाऱ्याला आली आणि इंग्लंडची लोकर, ब्रुजभोवतीच्या फ्लँडर्स प्रांताचे कापड व दक्षिणेकडचे मसाले यांचा मोठा व्यापार इथे चालू लागला. व्हान डेर बर्झे नावाच्या घराण्याच्या सराईसमोर व्यापारी जमत आणि त्या नावावरूनच युरोपात ‘बोर्स’ (व्यापाऱ्यांचा बाजार) हा शब्द रूढ झाला, असे मानले जाते. मुंबईतील भारत डायमंड बोर्सच्या नावात तोच शब्द आहे. पुढे १५०० च्या सुमारास झ्विन गाळाने भरत गेली, व्यापार अँटवर्प बंदराकडे वळला आणि हाती पैसा न उरलेल्या ब्रुजला जुनी घरे पाडून नवी बांधणे परवडले नाही. आज आपण जे पाहायला जातो, त्यातले बरेचसे त्या गरिबीमुळे टिकले आहे. या जुन्या गावाला २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

पायरी १ : काळ आणि मुक्कामाची जागा ठरवावी

एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमधील शनिवार-रविवार शक्यतो टाळावेत. युरोपातील बऱ्याच देशांसाठी एकत्रित चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो, हे बेल्जियमसोबत इतर देश जोडताना लक्षात ठेवावे. रेल्वे स्थानकावरील फलकांवर गावाचे नाव डच पद्धतीने ‘ब्रुगे’ असे लिहिलेले असते. स्थानकापासून मार्क्ट हा मुख्य चौक पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. मात्र रस्ते दगडी फरसबंदीचे असल्याने चाकांच्या मोठ्या बॅगा ओढताना त्रास होतो, तेव्हा सामान कमी ठेवावे आणि जाड तळव्यांचे बूट घालावेत. मुक्काम जुन्या गावाभोवतीच्या कालव्याच्या आतच करावा. मार्क्टच्या पूर्वेकडील सिंट-आना ही वस्ती मला सर्वांत योग्य वाटते, कारण ती शांत आहे आणि तिथे अजून स्थानिक माणसे राहतात.

पायरी २ : पहिल्या संध्याकाळी काहीही ‘करू’ नये

सामान ठेवून सायंकाळी बाहेर पडावे आणि नकाशा खिशातच ठेवावा. वाट चुकण्याची भीती नाही, कारण मार्क्टवरील ८३ मीटर उंचीचा घंटा-मनोरा आणि माता मेरीच्या चर्चचा सुमारे ११५ मीटरचा विटांचा मनोरा, या दोन खुणा पुन्हा पुन्हा दिसत राहतात. मार्क्टवरून बुर्ग चौकात, तिथून मासळी बाजाराच्या खांबांच्या ओसरीवरून रोझेनहुडकाय या काठावर यावे. दुपारी इथे छायाचित्रे काढणाऱ्यांची रीघ लागलेली असते; रात्री दिव्यांची प्रतिबिंबे पडलेल्या त्याच पाण्याकडे कठड्याला टेकून अर्धा तास निवांत पाहता येते.

पायरी ३ : सकाळ लवकर गाठावी

दुसऱ्या दिवशी आठच्या आत बेखाइनहोफ या आवारात पोहोचावे. १२४५ च्या सुमारास स्थापन झालेल्या या वसाहतीत बेगीन स्त्रिया राहत. त्या धार्मिक जीवन जगत, परंतु ख्रिस्ती मठातील जोगिणींप्रमाणे आजन्म व्रताने बांधलेल्या नसत, आणि त्या काळात स्त्रियांना अशी मोकळीक मिळणे ही विलक्षण गोष्ट होती. आता इथे संत बेनेडिक्टच्या पंथातील (बेनेडिक्टाइन) जोगिणी राहतात, म्हणून आवाज न करता वावरावे. पांढऱ्या घरांच्या मधोमध उंच झाडे आहेत आणि वसंतात त्यांखाली डॅफोडिल फुलतात.

त्यानंतर माता मेरीच्या चर्चमध्ये जावे. मायकेलअँजेलोने घडवलेली संगमरवरी माता आणि बाळ येशूची मूर्ती इथे आहे. १७९४ मध्ये फ्रेंचांनी आणि १९४४ मध्ये जर्मनांनी ती पळवली, आणि दोन्ही वेळा ती परत आली. समोरच सिंट-यान हे मध्ययुगीन रुग्णालय आहे; आता तिथे संग्रहालय आहे. दिवसाला एकच संग्रहालय पाहावे, हा नियम पाळणार असाल तर ते हेच असावे. पंधराव्या शतकातील चित्रकार हान्स मेमलिंगने इथल्या धर्मबंधू-भगिनींसाठी रंगवलेली चित्रे ज्या वास्तूसाठी काढली गेली तिथेच आहेत, आणि असा योग क्वचित येतो. त्याच शतकातील यान व्हान आयक या चित्रकाराचे १४३६ चे मोठे चित्र पाहायचे असेल तर ग्रुनिंगे संग्रहालय तिसऱ्या दिवसासाठी राखावे. संग्रहालयांचे सुट्टीचे वार मात्र आधी तपासून घ्यावेत. जवळचा बोनिफासियस पूल मध्ययुगीन दिसत असला तरी तो विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला आहे. हे ठाऊक असल्याने त्याची शोभा कमी होत नाही.

पायरी ४ : बोटीत दिवसाच्या आरंभी बसावे

कालव्यांतील उघड्या बोटी साधारणपणे मार्च ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतात आणि फेरी सुमारे अर्ध्या तासाची असते. सकाळी सुरू होणाऱ्या पहिल्या फेऱ्यांपैकी एक धरावी, कारण दुपारी रांगच फेरीहून लांब होते. घंटा-मनोऱ्याच्या ३६६ पायऱ्या चढायच्या असतील तर तेही सकाळीच उरकावे. वरती ४७ घंटांचे कॅरिलॉन, म्हणजे सुरात वाजवायच्या घंटांचा संच आहे. ते ऐकायला मात्र वर जाण्याची गरज नाही, खालच्या चौकात ते अधिक गोड लागते.

पायरी ५ : जेवणाचे आधी विचारून घ्यावे

बेल्जियममधील बटाट्याचे तळलेले काप पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात. शाकाहारी वाचकांनी दुकानात हे स्पष्ट विचारावे. वनस्पती तेल वापरणारी दुकानेही असतात. इंग्रजी बहुतेकांना समजते.

पायरी ६ : उरलेला वेळ गावाच्या कडेला द्यावा

सिंट-आनामधील लेस केंद्रात स्त्रिया उशीवर टाचण्या रोवून, लाकडी कांड्यांची जोड्या-जोड्यांनी अदलाबदल करत लेस विणताना दिसतात. पुढे पूर्वेकडील जुन्या तटाच्या बांधावर चार पवनचक्क्या असून त्यांपैकी १७७० ची सिंट-यानशाउस ही आजही धान्य दळते. बांधावरच्या गवतावर बसून एक दुपार सहज जाते.

सायकल चालवता येत असेल तर भाड्याने घेऊन डामे या गावी जावे. नेपोलियनच्या आदेशाने खणायला घेतलेल्या सरळ कालव्याच्या काठाने, पॉपलरच्या रांगांखालून हा सहा-सात किलोमीटरचा सपाट रस्ता जातो. मोठी जहाजे डामेला थांबत आणि माल लहान होड्यांतून ब्रुजला येई, त्यामुळे गावाची सुरुवातीची हकीकत इथे डोळ्यांसमोर उभी राहते. वारा समोरून आला तर परतीला वेळ अधिक लागतो, तेवढी सवड ठेवावी.

परतीची गाडी दुपारनंतरची घ्यावी, म्हणजे जी जागा सर्वांत आवडली तिथे शेवटच्या सकाळी पुन्हा एकदा जाऊन बसता येते.