नवे अधिष्ठाता येणार? आधी प्रभारींना फोन

विद्यापीठातल्या नव्या अधिष्ठात्यांच्या, म्हणजे डीनच्या, परिचयाचा कार्यक्रम गेल्या वेळी माझ्याकडे होता आणि मी तो घालवला, म्हणून हे लिहून ठेवतोय. हॉल, माइक, पुष्पगुच्छ यावर काही सांगत नाही, ते कुणालाही जमतं.

नियुक्तीचा मूळ आदेश हातात घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो नको. नियमित, प्रभारी की अतिरिक्त कार्यभार, हे त्यातला शब्द बघूनच लिहा. आदेशाची तारीख आणि रुजू होण्याची तारीख एकच असेल असं धरून चालू नका. रुजू अहवालावर सही होईपर्यंत परिपत्रक काढायचं नाही.

आणि परिपत्रकाआधी, सध्या काम बघणाऱ्या प्रभारींना फोन. मी नेमका हाच केला नव्हता. मॅडमनी स्वतःचे तास सांभाळून दीड वर्ष ते पद ओढलं होतं, आणि त्यांना कळलं ते सगळ्यांबरोबर, ईमेलवर. कार्यक्रमात त्या दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. माझ्या कागदावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. नंतर पर्स घ्यायला केबिनकडे गेल्या तर दारावरची पाटी बदललेली. तेव्हा, फोन आधी. ईमेल नव्हे, फोन.

बायोडेटा सात-आठ पानी येतो. शोधनिबंधांचे आकडे वाचायला लागलात की लोक मोबाइल काढतात. विषय, याआधीचं प्रशासकीय काम आणि इथे कोणत्या फायली त्यांच्याकडे जाणार, एवढं पुरे. शेवटचंच लोकांना हवं असतं आणि तेच कोणी सांगत नाही. मजकूर हिंदीतून आला असेल तर 'कुलपति' तसंच उचलू नका, तिकडे बऱ्याच ठिकाणी तो शब्द कुलगुरूंसाठी वापरतात; आपल्याकडे कुलपती म्हणजे चान्सलर. अधिष्ठाता अख्ख्या विद्याशाखेचे असतात, एका विभागाचे नाही. 'अधिष्ठाता, रसायनशास्त्र विभाग' असलं काही छापू नका. नावाचा उच्चार त्यांनाच विचारा. मजकूर दाखवून लेखी होकार घ्या.

प्रभारींचं नाव सुरुवातीलाच घ्यायचं, आभारप्रदर्शनात नव्हे; तोवर निम्मे लोक चहाकडे गेलेले असतात. कागदावर ठळक अक्षरात लिहा. कुलगुरूंच्या मुद्द्यांतही घाला; ते वाचतील न वाचतील, तुम्ही घाला.

बाकी बदलायचं ते: संकेतस्थळ, शिक्का, लॉगिन, ईमेलच्या याद्या, सहीचे नमुने. पाटी मात्र प्रभारींचं सामान केबिनमधून निघाल्यावरच बदलायची.