‘मार्फा शी बानी’ कसा पाहावा आणि कसा दाखवावा

परिचयपत्रकात ‘पाठलाग’ हा शब्द छापू नये. आमच्या चित्रपट मंडळाने दिग्दर्शक क्रिस्ती पुइउ यांचा ‘मार्फा शी बानी’ हा २००१चा रोमानियन चित्रपट दाखवला, तेव्हा पत्रक मी लिहिले होते आणि ही चूक माझीच होती. सभासद दीड तास गाडी उलटण्याची वाट पाहत बसले आणि खेळ संपल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी, ‘पाठलाग झाला तो एवढाच का?’ असे विचारले. एका तरुणाने आयुष्यातला पहिला मोठा व्यवहार कसा पत्करला आणि त्या व्यवहारात आपणच माल ठरत आहोत हे त्याच्या कसे लक्षात येत गेले, हा या चित्रपटाचा विषय आहे. प्रेक्षकाची तयारी करून घ्यायची ती त्यासाठी.

कथानक थोडक्यात सांगावे. कॉन्स्तांत्सा या काळ्या समुद्रावरच्या बंदरात ओविदिउ आईवडिलांसोबत राहतो. राहत्या घरातूनच किरकोळ सामान विकण्याचा त्यांचा धंदा आहे आणि त्याला स्वतःच्या हिमतीवर काहीतरी उभे करायचे आहे. मार्चेल इवानोव नावाचा गावातला वजनदार इसम एक पिशवी राजधानी बुखारेस्टला पोचवण्याचे काम त्याच्यावर सोपवतो; आत औषधे आहेत आणि वाटेत कोठेही रेंगाळायचे नाही, असे बजावतो. ओविदिउ वाली या मित्राला सोबत घेतो आणि वालीबरोबर त्याची मैत्रीण बेती येते. पुढे एक लाल जीप त्यांच्या व्हॅनच्या मागे लागते. येथे थांबावे. शेवट तर कोणी आग्रह केला तरी सांगू नये.

शीर्षकाचा अर्थ मात्र आवर्जून सांगावा. ‘मार्फा’ म्हणजे माल आणि ‘बानी’ म्हणजे पैसे. तोच ‘मार्फा’ शब्द रोमानियन तरुणांच्या बोलीत ‘झकास’, ‘भारी’ या अर्थानेही वापरला जातो. ‘स्टफ अँड डो’ हे इंग्रजी नाव बोलीभाषेतले असले तरी त्यात ही दुहेरी छटा नीट उतरत नाही, म्हणून मी पत्रकात मूळ नावच ठेवतो.

पार्श्वभूमीसाठी दहा मिनिटे पुरतात. डिसेंबर १९८९मध्ये रोमानियाचे हुकूमशहा चाउशेस्कू यांची कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि त्यानंतरच्या दशकात शहरोशहरी टपऱ्या उभ्या राहिल्या. ओविदिउसारख्या मुलांना ‘धंदा’ या शब्दाचे आकर्षण कोठून आले, ते यावरून कळते. दुसरी गोष्ट चलनाची. २००१मध्ये एका डॉलरला सुमारे २९,००० लेई (रोमानियाचे चलन; एकवचन ‘लेउ’) मोजावे लागत आणि २००५मध्ये दहा हजार जुन्या लेईंचा एक नवा लेउ करण्यात आला. म्हणून संवादात हजारांचे आणि लाखांचे आकडे ऐकून प्रेक्षकाने दचकू नये. तिसरी गोष्ट रस्त्याची, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. कॉन्स्तांत्सा ते बुखारेस्ट हे अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आहे. या दोन शहरांना जोडणारा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला तो २०१२मध्ये. त्याआधीचा प्रवास बराचसा दुपदरी रस्त्याने, समोरून येणाऱ्या मालमोटारींचा अंदाज घेत करावा लागे. अशा रस्त्यावर मागची गाडी सहजासहजी चुकवता येत नाही, हे ठाऊक असले म्हणजे पडद्यावर विशेष काही घडत नसतानाही पोटात गोळा का येतो, हे समजते.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू. चित्रपट सुमारे दीड तासाचा आहे, तेव्हा मध्यंतर ठेवू नये. चहाचा आग्रह धरणाऱ्यांना तो आधीच पाजावा. आवाजाची चाचणी घरातल्या सुरुवातीच्या प्रसंगावर न घेता व्हॅनमधल्या प्रसंगावर घ्यावी, कारण तेथे इंजिनाची घरघर आणि एकमेकांत मिसळणारे संवाद एकाच वेळी ऐकू यावे लागतात. उपशीर्षके वेगाने बदलतात. ज्यांना वाचायला वेळ लागतो त्यांना मधल्या रांगेत बसवावे.

पुइउ कॅमेरा हातात धरून व्हॅनच्या आत नेतात आणि बराच काळ तेथेच ठेवतात. त्यामुळे तीन प्रवाशांसोबत आपण चौथे असतो, आणि आपल्याला दिसते ते त्यांच्या खांद्यावरून, काचेतून, कधी अर्धवट. नवख्या प्रेक्षकाला मी एकच काम देतो: बोलणाऱ्याकडे न पाहता गप्प बसलेल्याकडे पाहावे. द्रागोश बुकुर यांचा वाली सतत बोलतो आणि योआना फ्लोरा यांची बेती त्याला प्रत्युत्तरे देते. या गप्पांमध्ये कथानकाला पुढे नेणारे फार थोडे असते. ते ऐकत असताना अलेक्झांद्रू पापादोपोल यांच्या ओविदिउची नजर कोठे जाते, हे टिपत राहिले की मुलगा मोठा होताना दिसतो. त्यासाठी एकही भाषण लिहिलेले नाही. पुइउ आणि सहलेखक रझ्वान रदुलेस्कू यांच्या संहितेचे हे मोठेच यश म्हणायला हवे.

सुरुवातीचा घरातला प्रसंग शक्य असल्यास चर्चेच्या वेळी पुन्हा लावावा. रझ्वान वासिलेस्कू यांचा इवानोव पहिल्या वेळी जिव्हाळ्याने बोलणारा काका वाटतो. दुसऱ्या वेळी तेच शब्द ऐकताना अंगावर काटा येतो. आईचे काम लुमिनित्सा गेओर्गिउ यांनी केले आहे. पुइउ यांच्या २००५च्या ‘मिस्टर लाझारेस्कू यांचा मृत्यू’ या चित्रपटात रुग्णाला घेऊन रात्रभर एका इस्पितळातून दुसऱ्यात फिरणारी रुग्णवाहिकेतली परिचारिका त्याच आहेत, हे सांगितले की जाणकार सभासद खूश होतात.

दोन दिवसांचा कार्यक्रम असेल तर राडू जूडे यांचा २००९चा ‘जगातली सर्वांत सुखी मुलगी’ जोडीला घ्यावा. त्यातली किशोरवयीन देलिया शीतपेयाच्या स्पर्धेत दाचिया लोगान गाडी जिंकते आणि जाहिरातीच्या चित्रीकरणासाठी आईवडिलांसोबत बुखारेस्टला येते. कॅमेऱ्यासमोर तिला तोच आनंद पुन्हा पुन्हा दाखवावा लागतो, आणि दोन टेकच्या मधल्या वेळात आईवडील ती गाडी विकण्यासाठी तिच्या मागे लागतात. तो विनोदी आहे, तरी दुसऱ्या दिवशीच लावावा. आधी लावला तर पुइउंची शांतता प्रेक्षकाला संथ वाटते. चर्चेसाठी मी दोन्ही दिवशी फळ्यावर एकच प्रश्न लिहितो: ‘घरच्यांना नेमके काय माहीत होते?’ जूडेच्या चित्रपटाबद्दल उत्तर पाच मिनिटांत मिळते. पुइउंच्या चित्रपटावर आमचे सभासद सभागृहाला कुलूप लागले तरी जिन्यात उभे राहून वाद घालत होते.