युगांडात हापसा दुरुस्ती शिकवायला जाताना

युगांडाच्या खेड्यांत ‘यू-टू’ नावाचा जो हातपंप दिसतो, तो म्हणजे आपला इंडिया मार्क टू. जालना आणि सोलापूर इथे घडलेल्या हापशांवरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तो बेतला गेला. त्यामुळे मराठवाड्यातल्या मेकॅनिकला तिथलं यंत्र ओळखीचं वाटतं. पाणी, बाजार आणि दुरुस्तीची व्यवस्था मात्र निराळी, आणि घोळ होतात ते तिथेच.

जायचं तर किमान सहा आठवडे काढा. दोन आठवड्यांच्या फेरीत पाच-सात हापसे दुरुस्त होतात, शिकत कोणी नाही. तेवढाच वेळ असेल तर घरूनच व्हिडिओ कॉलवर अडचणी सोडवा, ते जास्त उपयोगी. पर्यटक व्हिसावर काम करू नका. बोलावणाऱ्या संस्थेकडून रीतसर परवाना काढून घ्या. पीतज्वराची लस अधिकृत केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. तिचा दाखला परतताना भारतातही तपासतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या.

निघण्याआधी संस्थेकडून चार गोष्टी मागवा: बोअरची खोली, पाण्याची पातळी, पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा), आणि सुटे भाग मिळणारं सर्वांत जवळचं दुकान. सामू ६.५ च्या खाली असेल तर जीआय पाइपचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा, जस्ताचा थर झिजतो आणि लोखंड सडू लागतं. पाणी लालसर होतं, कपड्यांवर डाग पडतात, बायका पुन्हा ओढ्याचं पाणी भरू लागतात. युगांडात नव्या हापशांसाठी जीआय पाइपवर बंदी आली ती यामुळेच. लोह जमिनीतलं की पाइपचं, हे ठरवायला पहाटेचं पहिलं पाणी एका बाटलीत आणि तासभर हापसल्यानंतरचं दुसरीत घ्या. दुसरं स्वच्छ निघालं तर दोष पाइपचा. मग नुसतं वॉशर बदलून भागत नाही, पाइप स्टेनलेस स्टीलचे किंवा यूपीव्हीसीचे (कडक प्लास्टिकचे) घालावे लागतात.

हापसा उघडण्याआधी तपासणी शिकवा. मार्क टूच्या सिलिंडरचा, म्हणजे खाली पाण्यात असलेल्या नळकांड्याचा, व्यास ६३.५ मिमी आणि त्यातल्या प्लंजरचा (दट्ट्याचा) फेरा १२५ मिमी, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात सुमारे ०.४ लिटर. ४० फेऱ्यांत हिशेबाने १६ लिटरच्या आसपास पाणी बादलीत पडायला हवं. ते १० लिटरपर्यंत घसरलं तर बहुधा वॉशर झिजलेत. मग अर्धा तास हापसा बंद ठेवा. पाणी यायला पाचाहून जास्त फेरे लागले तर खालचा व्हॉल्व्ह किंवा पाइपचा जोड गळतो आहे. सुरुवातीला धार चांगली येऊन नंतर कमी होत गेली तर हापशाला दोष देऊ नका, बोअरचं पाणी कमी पडतंय. यात गल्लत झाली की चांगला सिलिंडर उगाच वर येतो.

आणि तो वर काढणं सोपं नाही. सव्वा इंची जीआय पाइप तीन मीटरला साधारण साडेनऊ किलो. ३० मीटरवर दहा पाइप, १२ मिमीचे रॉड आणि आतलं पाणी मिळून दीडशे किलोच्या आसपास ओझं होतं. तिकाटणं आणि पाइप धरणारा क्लॅम्प नसेल तर त्या दिवशी पाइप काढूच नका. हात सुटला तर अख्खी रांग बोअरमध्ये जाते आणि बहुतेकदा बोअरच वाया जातो. मार्क थ्री, म्हणजे तिथला ‘यू-थ्री’, असेल तर पाइप जागेवर ठेवून प्लंजर वर घेता येतो. म्हणून आधी कोणता हापसा आहे ते पाहा.

एका हापशावर चारच शिकणारे ठेवा, आणि पाना त्यांच्या हातात. तुम्ही हात खिशात ठेवायला शिकलात तरच जमेल. पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून चेन, बोल्ट आणि ग्रीस. दुसऱ्या दिवशी प्लंजर उघडून वॉशर. पाइप काढणं त्यानंतर. गटात एक तरी पाणीवापर समितीची बाई हवी: धार मंदावली हे तिलाच आधी कळतं. दुभाषा शक्यतो मेकॅनिकच असावा, नाहीतर ‘सैल’ आणि ‘ढिला’ यांच्या भाषांतरातच दुपार जाते.

वॉशर भारतातून पोतंभर नेऊ नका. ते संपले की दुकानातला माणूस ठेवतही नाही आणि मेकॅनिक मागतही नाही. जिल्ह्याच्या दुकानात मिळणारेच भाग घेऊन शिकवा आणि मेकॅनिकची मजुरी समितीसमोर ठरवून लिहून घ्या. फुकट दुरुस्ती केलीत तर पुढच्या वेळी त्याला कोणी पैसे देणार नाही. निघताना हत्यारं दुकानदाराकडे किंवा मेकॅनिकांच्या संघटनेकडे सहीने सोपवा. सहा महिन्यांनी फोटो मागवू नका, प्रत्येक हापशाचा ४० फेऱ्यांचा आकडा मागवा.