काळ्या मातीत सिमेंट मिसळताय? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यात चिकोडी, रायबाग, अथणीकडं काळ्या रानाची तक्रार एकच, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि गोठ्याच्या वाटेवर मुरूम कितीही ओढा, दुसऱ्या वर्षी तो खाली गेलेला असतो. म्हणून बरेच जण आता मातीतच सिमेंट मिसळायलेत. पद्धत चांगली आहे, रस्त्यांच्या थरात वापरतातच, पण पैसे वाया जातात ते बऱ्याचदा सिमेंट कमी पडलं म्हणून नाही, माती तयार न करताच पोती फोडली म्हणून.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ढेकळं. जेसीबीनं उकरायचं, वर सिमेंट पसरायचं, कुदळीनं वरवर हलवायचं की झालं. असलं एखादं ढेकूळ चार दिवसांनी फोडून बघा. बाहेरून राखाडी कवच, आत तशीच काळीभोर माती, सिमेंट आत पोचलेलंच नसतं. पाणी मुरलं की हेच ढेकूळ आतनं फुगतं आणि वरचा थर उचलतं. थोडा ओलावा असताना रोटाव्हेटर परत परत फिरवा, निदान 80 टक्के माती 5 मिमीच्या आसपासच्या चाळणीतनं पडली पाहिजे. तोपर्यंत पोतं उघडूच नका.

माती लईच चिकट असली तर पात्यांना गोळे धरतात, तिथं आधी चुना. मातीच्या कोरड्या वजनाच्या 3-4 टक्के विझवलेला चुना मिसळा, ओलं ठेवून एक-दोन दिवस तसंच सोडा. चुन्यातल्या कॅल्शियममुळं चिकटपणा मोडतो, माती भुसभुशीत होते, मग सिमेंट नीट मिसळतं. लॅबमध्ये प्लास्टिसिटी इंडेक्स, म्हणजे मातीचा चिकटपणा सांगणारा आकडा, 30 च्या वर आला तर थेट सिमेंटच्या नादाला लागू नका. कळीचा, म्हणजे न विझवलेला चुना मात्र हातानं पसरू नका, ओल्या अंगाला आणि डोळ्याला भाजतं. खानापूरकडच्या तांबड्या मातीत हा त्रास कमी, ती एवढी फुगत नाही.

प्रमाण घमेल्यावर काढू नका, कोरड्या वजनावर काढा. 10 बाय 10 फूट जागा, दाबून 6 इंच थर, घनमीटरला 1500 किलो धरलं तर माती होते साधारण 2100 किलो, त्यात 8 टक्के म्हणजे 170 किलो, जवळजवळ साडेतीन पोती. पण 8 हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. 6, 8, 10, 12 टक्क्यांचे वेगवेगळे गोळे घट्ट वळा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून 7 दिवस ठेवा, मग रात्रभर पाण्यात टाका. सकाळी जो विरघळला तो बाद. मोठं काम असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे नमुना किती दाब सोसतो याची तपासणी, लॅबमधूनच करून घ्या.

माती कुठली घेताय तेही बघा. आपल्याकडं रानात शेणखत, मळी पडलेली असते, आणि साखरेचा अंश सिमेंटला घट्ट होऊ देत नाही, म्हणून वरची माती काढून टाका. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत पांढरा थर दिसला तर आधी मातीत सल्फेट हा क्षार किती आहे ते तपासा. सल्फेट जास्त असलं की सिमेंट, चुना दोन्ही उलटे पडतात, महिन्यांनी थर फुगून फुटतो. ही चूक नंतर दुरुस्तच होत नाही.

मिसळून पाणी मारलं की 2 तासांत रोलर झाला पाहिजे, सकाळी कालवून जेवणानंतर दाबू म्हणाल तर सगळं गेलं, वरनं परत पाणी मारून ते जुळत नाही. एका वेळी 15 सेंमीपेक्षा जाड थर नको, खालपर्यंत दाबला जात नाही. नंतर 7 दिवस ओली पोती किंवा प्लास्टिक अंथरून ठेवा, आणि तेवढे दिवस उसाची ट्रॉली त्यावरनं नेऊ नका. कडेला चर काढा, बाजूनं पाणी मुरत राहिलं तर खालची माती फुगणारच.

घराच्या पायाखाली मात्र हा उपाय चालवू नका. काळ्या रानात ओल आणि सुकण्याची हालचाल मीटर-दोन मीटर, कधी त्याहूनही खोल जाते, 15 सेंमीचा थर तिथं काय धरणार? त्यासाठी अंडर-रीम्ड पाइलसारखे (खोल गेलेले, खाली फुगीर असलेले काँक्रीटचे खांब) वेगळे पाये असतात, ते इंजिनिअरला जागा दाखवूनच ठरवा.