टोन ऑफ व्हॉइस: रॅकेट क्लबच्या काउंटरवर बसून शिकलेलं काम

कॉपीरायटिंगमध्ये नवीन आलेले बरेच जण विचारतात की टोन ऑफ व्हॉइसचं, म्हणजे एखादा ब्रँड लोकांशी कसा बोलतो ते ठरवायचं, काम नेमकं करायचं कसं, सुरुवात कुठून करायची आणि शेवटी क्लायंटच्या हातात द्यायचं काय. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. पहिलंच काम एका रॅकेट स्पोर्ट्स क्लबचं मिळालं आणि त्यात मी आधी चांगलीच आपटले, म्हणून तेच सांगते.

क्लबमध्ये टेनिस, बॅडमिंटन, स्क्वॉश होतं आणि पॅडलची (काचेच्या भिंतींमध्ये खेळतात तो रॅकेटचा खेळ) दोन कोर्ट नवीन टाकली होती. ब्रीफमध्ये, म्हणजे क्लायंटने काय हवंय ते सांगितलेल्या कागदात, चार विशेषणं: आपुलकीचा, उत्साही, प्रीमियम, विश्वासू. मी त्या चारांवर २२ स्लाइडचा डेक केला, प्रत्येक विशेषणाखाली एक परिच्छेद, छान फोटो, वर दोन-तीन टॅगलाइन. मीटिंगमध्ये सगळ्यांना आवडला. आठवड्याने फ्रंट डेस्कवरच्या ताईंचा फोन आला (सगळा क्लब त्यांना ताईच म्हणतो), "मॅडम, हॉलचं छत गळतंय, सहाचे सगळे स्लॉट कॅन्सल करायचेत, मेसेज काय टाकू? आपुलकीचा टाकू की प्रीमियम?" टोमणा नव्हता हो तो, त्या खरंच विचारत होत्या. आणि माझ्या २२ स्लाइडमध्ये याचं उत्तर कुठेच नव्हतं.

तेव्हापासून विशेषणांना मी एक चाळणी लावते. शब्द उलटा करून बघायचा, "आम्ही तुसडे, मरगळलेले आणि बेभरवशाचे" असं म्हणणारा क्लब कुठे असतो का? नसतो. मग सुलटा शब्दही काही सांगत नाही, तो सगळ्यांनाच लागू पडतो. "कमी बोलणारा" हा मात्र चालतो, कारण भरपूर बोलणारा क्लबही असू शकतो आणि तोही चांगला असू शकतो, म्हणजे इथे खरोखर काहीतरी निवडलं गेलं.

व्हॉइस आणि टोन यातला फरक नवीन माणसाला पुस्तकी वाटतो, पण कोच डोळ्यासमोर आणा. मॅचच्या आधी ते खेळाडूशी वेगळं बोलतात, हरल्यावर वेगळं, नऊ वर्षांच्या मुलाशी वेगळं, आणि तरी डोळे मिटून ऐकलं तर हे आपलेच सर हे लगेच कळतं. ते जे कळतं तो व्हॉइस, प्रसंगाप्रमाणे बदलतो तो टोन. क्लबचं पण तसंच. टोन मोजायला निल्सन नॉर्मन ग्रुप या वेबसाइट-ॲपच्या वापरावर संशोधन करणाऱ्या कंपनीने २०१६ मध्ये मांडलेल्या चार पट्ट्या अजूनही कामाला येतात: गंमतीदार की गंभीर, औपचारिक की अनौपचारिक, आदराचा की बेधडक, उत्साहाचा की सरळ माहितीचा. मी क्लबच्या लोकांना कागदावर चार रेघा ओढून दिल्या आणि प्रत्येकाला स्वतः खूण करायला सांगितलं, एकमेकांचं न बघता. मालकांची खूण उत्साहाच्या पार टोकाला, कोचची बरोब्बर उलट्या टोकाला. तिथेच समजलं की भांडण शब्दांवरून नाहीये. क्लब कुणासाठी आहे यावरच त्यांचं एकमत नव्हतं, आणि ते मी लिहून सुटणार नव्हतं, त्यांनाच बसून बोलावं लागलं.

मग डेक बाजूला ठेवला आणि तीन दिवस काउंटरच्या मागे खुर्ची टाकून बसले. हा भाग कुणीही टाळू नका, प्लीज. क्लब जे जे बोलतो ते सगळं गोळा केलं, नोटीस बोर्ड, दारावरचे स्टिकर, ॲपची नोटिफिकेशन, व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज, इन्स्टाच्या कॅप्शन, पावतीच्या मागचे नियम, फोनवर ताई काय बोलतात ते, बॅच सुरू व्हायच्या आधी कोच काय ओरडतात ते. १४० च्या आसपास तुकडे झाले. ते एकाखाली एक लावून वाचले तर एका क्लबमध्ये चार माणसं राहत होती. बोर्डावर सरकारी कारकून, ॲपमध्ये कॉलेजमधला पोरगा, इन्स्टावर जिमचा ट्रेनर आणि काउंटरवर ताई. यातलं खरं माणूस एकच होतं.

शूजचंच बघा. दारावरचा स्टिकर म्हणत होता, "नॉन-मार्किंग सोलचे शूजच वापरावेत, उल्लंघन करणाऱ्यास प्रवेश नाकारला जाईल." ॲप म्हणत होतं, "ओहो! कोर्टाला तुमचे शूज आवडले नाहीत!" आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक गृहस्थ काळ्या सोलचे रनिंग शूज घालून आले, तर ताईंनी मान वर न करता म्हटलं, "सर, सोल दाखवा जरा... हे लाकडावर उमटतं बघा, आत नाही चालणार, बाहेर टेनिसचं कोर्ट सातला रिकामं आहे, देऊ का?" गृहस्थ हसले आणि बाहेर गेले. मी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. आधी कारण, मग नकार, मग पर्याय. माफी नाही, धमकी नाही, कोटी नाही. नवीन स्टिकर असा झाला: "काळ्या सोलचे डाग लाकडावर राहतात. आत नॉन-मार्किंग शूजच चालतील. नसतील तर डेस्कवर विचारा." म्हणजे मी फार काही लिहिलंच नाही, ताईंचं बोलणं उतरवलं फक्त.

आता मराठीत काम करणाऱ्यांसाठी खास मुद्दा, कारण इंग्रजी गाइडमध्ये हा सापडणार नाही. तू, तुम्ही की आपण? इन्स्टा सांभाळणाऱ्या मुलाला "तू" हवं होतं, जवळचं वाटतं म्हणून. वाटतं, पण "तू" घेतलं की पुढच्या क्रियापदाला लिंग चिकटतं, "आज बुकिंग विसरलास की विसरलीस?" आणि ॲपला कुठे माहीत समोर कोण आहे. "तुम्ही विसरलात" सगळ्यांना चालतं. शिवाय क्लबमध्ये दहा वर्षांच्या मुलीपासून सत्तरीतल्या काकांपर्यंत सगळे, काकांना "चल, रॅकेट उचल" म्हणायची हिंमत माझ्यात तरी नाही. "आपण"ची गंमत वेगळी. "आपण कोर्ट वेळेत सोडावे" हा हुकूम आहे आणि "आपण कोर्ट वेळेत सोडूया" ही सोबत आहे, शब्द तोच. शेवटी ठरलं असं की सभासदाशी "तुम्ही", सगळ्यांनी मिळून पाळायच्या गोष्टीला "आपण", आणि "नये", "यावे", "घ्यावी" ही सगळी मंडळी बोर्डावरून कायमची उतरवायची. "सभासदांनी नोंद घ्यावी" काढायला कमिटीतल्या एका ज्येष्ठांचा दोन मीटिंग विरोध होता, त्यांना त्यात क्लबची शान दिसत होती, आणि खरं सांगू, त्यांचं अगदीच चूक नव्हतं.

कारण औपचारिक असणं हा दोष नाहीच. विम्बल्डन आजही पुरुष एकेरीला जंटलमेन्स सिंगल्स आणि महिला एकेरीला लेडीज सिंगल्स म्हणतं, यूएस ओपन सरळ मेन्स आणि विमेन्स म्हणतं. खेळ तोच, नेट तेवढंच उंच, पण एकेका शब्दात दोन्हीकडची हवा कळते. आणि विम्बल्डननेही २०१९ मध्ये महिलांच्या मॅचचा स्कोअर पुकारताना नावामागे मिस, मिसेस लावणं बंद केलं, म्हणजे जुना आवाज सांभाळूनही एखादा शब्द सोडता येतो. हे उदाहरण त्या ज्येष्ठांना सांगितलं तेव्हा ते जरा सैल झाले. क्लायंटला त्याच्याच जगातलं उदाहरण द्या, कोल्ड्रिंकच्या आणि शूजच्या ब्रँडच्या जाहिराती दाखवून कमिटी हलत नाही.

खेळाच्या शब्दांचं काय करायचं हा वेगळाच घोळ. "लेट" घ्या. टेनिसमध्ये सर्व्हिस नेटला घासून बरोबर चौकोनात पडली तर लेट, परत सर्व्हिस. बॅडमिंटनमध्ये तसंच शटल नेटला लागून पलीकडे बरोबर पडलं तर सर्व्हिस चालते, खेळ चालू. स्क्वॉशमध्ये समोरचा खेळाडू वाटेत आला म्हणून लेट मागतात. एकाच क्लबच्या एकाच न्यूजलेटरमध्ये हा शब्द मोकळा सोडला तर तीन जण तीन अर्थ घेणार. पुढे बॅडमिंटन हॉलमध्येच पिकलबॉल या छोट्या बॅटने खेळायच्या खेळाच्या रेघा मारल्या (कोर्टाचं माप बॅडमिंटनच्या डबल्सएवढंच, २० बाय ४४ फूट) आणि नवीन बॅचला मेसेज गेला की किचनमध्ये उभं राहून व्हॉली (टप्पा पडायच्या आधीच मारलेला बॉल) मारू नका. एका काकूंनी ताईंना विचारलं, इथे किचन कुठंय? नेटपासून दोन्ही बाजूंना सात फुटांच्या पट्ट्याला तो शब्द आहे, पण हे पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला कोण सांगणार. म्हणून नियम केला, ट्रायल आणि पहिल्या महिन्यातल्या मेसेजमध्ये खेळाचा शब्द आला की तिथेच साध्या भाषेत अर्थ, आणि जुन्या मेंबरला तोच अर्थ चुकूनही समजवायचा नाही. वीस वर्षं खेळणाऱ्याला ड्यूस म्हणजे काय ते सांगणं यासारखा अपमान नाही.

आणि कोट्या. अरे देवा. रॅकेट क्लबसाठी लिहायला बसलं की लव्ह, सर्व्ह, मॅच, पार्टनर सगळे शब्द हात वर करून उभेच असतात आणि पहिल्या ड्राफ्टमध्ये मी सगळ्यांना आत घेतलं होतं. मेंबरशिप संपली की आपोआप जाणारा मेसेज माझाच, "गेम ओव्हर? छे, अजून टायब्रेक बाकी आहे!" मला फार आवडला होता तो. तो गेला एका बॅडमिंटन खेळणाऱ्या बाईंना, गुडघ्याचं लिगामेंट फाटल्यामुळे त्या चार महिने आल्या नव्हत्या. त्यांचं उत्तर आलं, "डॉक्टरांनी गेम ओव्हरच सांगितलंय." बास, एवढंच. ताईंनी स्क्रीनशॉट पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. मी त्या बाईंना फोन करून माफी मागितली, त्या चांगलं बोलल्या, पण रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

त्यानंतर मेसेजची यादी विषयाप्रमाणे न लावता वाचणारा कुठल्या मनःस्थितीत असेल त्याप्रमाणे लावली. घाईत आहे, चिडलाय, लाजतोय (पहिल्यांदा आलेले फार लाजतात, त्यांना वाटतं सगळे आपल्यालाच बघतायत), दुखावलाय, खुशीत आहे. गंमत फक्त खुशीतल्याशी करायची. आणि जो मेसेज आपोआप जातो त्यात गंमत अजिबात नाही, कारण मशीनला कुणाचा गुडघा दिसत नाही.

नकाराचे मेसेज आधी लिहा हे मी आता प्रत्येक नवीन मुलामुलीला सांगते. स्वागताचा मेसेज कुणीही गोड लिहितं. स्लॉट मिळणार नाही, बॅच भरली, पैसे परत नाहीत, तुमचा मुलगा या गटात अजून बसत नाही, इथे क्लबचा खरा आवाज बाहेर येतो. मला याचा नमुना स्क्वॉश कोर्टाच्या काचेबाहेर उभं राहून मिळाला. खेळाडू थांबून विचारतो, "लेट, प्लीज?" आणि रेफरी म्हणतो, "नो लेट." रॅली गेली. विचारणारा अदबीने विचारतो, सांगणारा दोन शब्दांत सांगतो, आवाज चढत नाही, लांबण लागत नाही. बॅडमिंटनच्या नियमांना तर अंपायरने कधी कोणते शब्द वापरायचे याची यादीच जोडलेली असते. टोन ऑफ व्हॉइसची गाइड खेळात आधीपासून होती, आम्हीच डेक करत बसलो होतो. तर बॅच भरल्याचा जुना मेसेज होता "आपल्या उत्स्फूर्त प्रतिसादाबद्दल आभारी आहोत, तथापि..." आणि या "तथापि"पाशी माणूस ओळखतोच. नवीन: "सकाळची बॅच भरली. संध्याकाळी पाचच्या बॅचमध्ये दोन जागा आहेत. सकाळच हवी असेल तर वेटिंगला नाव लावतो."

शेवटी हातात दिला तो कागद दोन पानांचा. डावीकडे "असं नको", उजवीकडे "असं", २६ जोड्या, वर फक्त तीन ओळी: कारण आधी सांगा, कमी बोला, पर्याय असेल तर द्या. विशेषण एकही नाही. फायनल करायच्या आधी प्रत्येक वाक्य ताईंकडून आणि कोचकडून मोठ्याने वाचून घेतलं, जिथे जीभ अडखळली तिथे वाक्य बदललं. छत गळण्याचा मेसेज अर्थातच पहिल्या जोडीत. पोर्टफोलिओसाठी म्हणाल तर यातल्या पाच-सहा जोड्या आणि प्रत्येकीखाली हे का बदललं याच्या दोन ओळी एवढं पुरतं, मला पुढचं काम शूजच्या स्टिकरवरच मिळालं. २२ स्लाइड कुणी उघडून पण बघितल्या नाहीत.

मध्ये पॅडलच्या टूर्नामेंटला क्लबवर गेले होते. कागद काउंटरच्या आतल्या बाजूला टेपने चिकटवलेला, कोपरे काळे झालेले, आणि खाली ताईंनी निळ्या पेनने २७ वी जोडी लिहिली होती. डावीकडे "कोच आज अनुपलब्ध आहेत." उजवीकडे "सरांना ताप आहे. बॅच मी उघडते, तुम्ही आपापसात खेळा."