पट्टी ओढू नका, आधी लॉक उघडा : रिबन केबलच्या दुरुस्तीत या चुका टाळा

श्रावण संपत आला की माझ्या टेबलावर टीव्हींची रांग लागते. चाकरमानी गणपतीला येतात, वर्षभर बंद असलेलं घर उघडतात, टीव्ही लावतात आणि पडद्यावर पट्टे दिसतात. मालवणात खारा वारा आणि चार महिन्यांची ओल, त्यात रिबनचं, म्हणजे आतले बोर्ड जोडणाऱ्या तारांच्या चपट्या पट्टीचं, टोक हिरवं पडणं साहजिक आहे. ते साफ करणं दहा मिनिटांचं काम. पण माझ्याकडे सेट येतो तेव्हा घरातल्या कुणीतरी मागचं झाकण उघडून पट्टी आधीच उपसलेली असते. मग ते दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, की लॉक न उघडता पट्टी ओढणं. रिबन जिथे घुसते त्या बोर्डावरच्या बहुतेक कनेक्टरना लॉक असतं. एका प्रकारात कनेक्टरवरची काळी किंवा तपकिरी पट्टी नखाने वर उचलून उभी करायची. दुसऱ्यात दोन्ही टोकांचे छोटे कान एकेक करून, मिलिमीटर-दीड मिलिमीटर बाहेर सरकवायचे. लॉक उघडलं की रिबन जोर न लावता बाहेर येते. जोर लावावा लागतोय याचा अर्थ लॉक उघडलेलं नाही, एवढं ध्यानात ठेवा. लॉकचा कान तुटला की कनेक्टर नवा बसवावा लागतो, आणि अर्ध्या मिलिमीटरवर पिना असलेला कनेक्टर काढणं घरच्या सोल्डर गनचं काम नाही. काही जण तुटलेल्या लॉकच्या जागी पाठीमागे चिकटपट्टीचा तुकडा कोंबतात. चार दिवस चालतं. आपल्याकडच्या दमट उकाड्यात त्या पट्टीचा गोंद पाघळतो आणि पिनांमध्ये उतरतो. मला हा उपाय पटत नाही.

झाकण उघडण्याआधी प्लग काढा. नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब राहतो. मी दहा मिनिटं थांबतो आणि मल्टिमीटर लावून बघतो, मगच हात घालतो.

आता पिळाची गोष्ट. ती माझ्याच हातून घडली आणि अजून मनाला लागते. धंद्यात नवा होतो. आचऱ्याच्या एका घरातून चतुर्थीच्या दोन दिवस आधी निरोप आला. आजी दारातच म्हणाल्या, “काकानू, टीव्ही काल रातीपर्यंत बरो चलत होतो, आज पडद्यार नुसते पट्टे.” मेन बोर्डाकडून टी-कॉनकडे, म्हणजे पडद्याला चित्र पुरवणाऱ्या बोर्डाकडे, जाणारी 30 पिनांची रिबन उंदराने कुरतडली होती. तेवढ्याच पिनांची, तेवढ्याच रुंदीची नवी रिबन माझ्या डब्यात होती. एक टोक बसलं. दुसऱ्या टोकाला मात्र रिबनचे उघडे पत्रे, म्हणजे पिनांना टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, वरच्या बाजूला येत होते आणि कनेक्टरच्या पिना खाली होत्या. मी रिबनला अर्धा पीळ दिला, टोक उलटं केलं, बसवलं आणि स्विच दाबला. क्षणभर पडदा उजळला, मग जळका वास आला.

रिबन दोन प्रकारच्या येतात. एकीत दोन्ही टोकांचे पत्रे एकाच बाजूला असतात, दुसरीत विरुद्ध बाजूंना. चुकीच्या प्रकारची रिबन पीळ देऊन बसवली की पिनांचा क्रमच उलटतो. पहिली पिन तिसाव्या जागी जाते. या केबलमधून चित्राच्या सिग्नलबरोबर टी-कॉनचा 12 व्होल्टचा सप्लायही जातो आणि त्याच्या पिना एका कडेला असतात. तो सप्लाय थेट सिग्नलच्या पिनांवर गेला आणि चिप उडाली. बोर्डाचे पैसे मी भरले. पण त्या घरात त्या वर्षी आरतीनंतर टीव्ही लागला नाही, ते कशाने भरून येणार? तेव्हापासून जुनी रिबन काढण्याआधी फोटो घेतो आणि पहिल्या पिनेच्या कडेला मार्करने रेघ ओढतो, दोन्ही टोकांना.

नवी रिबन मागवताना तिच्यावरचा आकडा वाचून मागवू नका. “एडब्ल्यूएम 20624, 80 सी, 60 व्ही” हा त्या केबलचा नंबर नाही. ती वायरच्या दर्जाची खूण आहे, 80 अंश आणि 60 व्होल्टपर्यंतची, आणि ती हजारो वेगवेगळ्या केबलींवर तशीच असते. पिना मोजा, मिलिमीटरमध्ये रुंदी मोजा, मग रुंदीला पिनांपेक्षा एक जास्त आकड्याने भागा. 30 पिना आणि साडेपंधरा मिलिमीटर रुंदी असेल तर 31 ने भागून दोन पिनांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर येतं. रुंदी 31 असेल तर एक मिलिमीटर. लांबी आणि पत्र्यांची बाजू सांगितली की दुकानदाराला दुसरं काही लागत नाही.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, 99 टक्क्यांचं. खोबरेल, रॉकेल, थिनर यांतलं काही नको. टोकावरची हिरवट कीट पेन्सिलच्या मऊ खोडरबराने निघते, पण हलक्या हाताने, नाहीतर वरचा मुलामा जातो. हिरवेपणा प्लॅस्टिकच्या आत शिरलेला दिसला तर साफसफाईत वेळ घालवू नका, रिबन बदला.

मायक्रोवेव्हच्या बटणपट्टीची शेपटी, म्हणजे तिच्यातून निघणारी रिबन, सोल्डर करू नका. तिच्या रेषा पॉलिएस्टरवर छापलेल्या असतात, सोल्डर धरत नाहीत आणि आधार वितळतो. तिथे वाहक चांदीचा रंग चालतो, तोही घडीवर फार टिकत नाही.

टीव्हीच्या काचेला थेट चिकटलेल्या पातळ पट्ट्यांना तर हातच लावू नका. त्या उष्णता आणि दाबाने, खास चिकट थराने जोडलेल्या असतात. पडद्यावर एकाच जागी उभी रेघ असेल तर बऱ्याचदा दोष तिथेच असतो आणि नवी रिबन घालून ती जात नाही. इस्त्री किंवा सोल्डर गन टेकवून बघणारे उतावळे मी पाहिलेत. रेघेची चार इंच रुंद पट्टी होते.

कुठली तार तुटली ते शोधायला मी मल्टिमीटरच्या दोन्ही काड्यांना शिवणाची सुई बांधतो. तार सलग असली की मल्टिमीटर शिट्टी देतो. पण जाड काडी शेजारच्या दोन पत्र्यांना एकदम टेकते आणि खोटी शिट्टी देते. रिबन बाहेर काढायची, एकेक तार तपासायची, आणि शिट्टी वाजत असताना रिबन हळू वाकवून बघायची. वाकवल्यावर शिट्टी तुटली तर तार आतून गेलेली आहे. एक मिलिमीटर अंतराची रिबन टोकालाच गेली असेल आणि लांबी पुरत असेल, तर मी टोक काटकोनात कापतो, एका बाजूचं प्लॅस्टिक नव्या ब्लेडने आडवं खरवडतो आणि जुन्या टोकाची निळी आधारपट्टी पाठीमागे चिकटवतो. अर्ध्या मिलिमीटरच्या रिबनवर हा प्रयोग मी करत नाही. ती कुडाळहून मागवतो आणि गिऱ्हाईकाला दोन दिवस थांबायला सांगतो.